शेतकऱ्यांचा विद्यार्थी : सर अल्बर्ट हॉवर्ड

(द्वितीय वर्ष, कला)

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, असे आपल्याकडे म्हणतात. कितीही वाईट दिवस आले तरी ते कधी ना कधी पालटतात, असा या म्हणीचा अर्थ शाळेत आम्हाला सांगितला होता. म्हणजे या जगात सर्वांत हीनदीन कोण, तर उकिरडा! कुणाला कमी लेखायचे झाले की आपल्याला तोच आठवतो. मीही याच समजुतीत वाढले. वास्तविक माझा जन्म शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या घराच्या मागच्या दाराशी उकिरडा आहे आणि सकाळी शेणाची पाटी त्यावर टाकल्याशिवाय मी कॉलेजची बस धरलेली नाही. असे असूनही त्या उकिरड्यावर एका इंग्रज शास्त्रज्ञाने ग्रंथ लिहिला आहे, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. त्या शास्त्रज्ञाचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. त्यांची जीवनकथा या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावी, असा माझा विचार आहे. ती मला कशी भेटली, हे आधी सांगते. कारण त्यात माझा एक अपराधही आहे.

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आमच्याच गावी झाले. इतर कामांबरोबर गावकऱ्यांना आदर्श कंपोस्ट खड्डा करून दाखवायचा, असे ठरले होते. आम्ही तिसऱ्या दिवशी खड्डा खोदला, त्यात पालापाचोळा, शेण, माती यांचे थर दिले, भरपूर पाणी ओतले आणि नीट बसावे म्हणून सर्वांनी मिळून ते नाचत नाचत तुडवले. मोठी मजा आली. सहाव्या दिवशी सायंकाळी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकीत तेथे आले. त्यांनी हातातली काठी खड्ड्यात खोल खुपसली, थोडा वेळ तशीच ठेवली, मग बाहेर काढून तिच्या टोकाला हात लावून पाहिले. टोक गार होते. पाणी फार झाले आणि तुडवल्यामुळे आतली हवा गेली, आता हे कुजणार नाही, नुसते सडेल, असे ते म्हणाले. आमच्यापैकी काही जण हसले. कुणीतरी त्यांना ही शास्त्रीय पद्धत असल्याचे समजावून सांगितले. म्हातारेबुवाही हसले आणि काठी पुसून निघून गेले. मित्रमैत्रिणींनो, ते माझे आजोबा होते. मी तुमच्यामध्येच उभी होते. मी त्यांना ओळख दिली नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. शिबिर संपल्यावर मी ग्रंथालयात कंपोस्टविषयीचे पुस्तक मागितले. वाचता वाचता समजले की, आम्ही ज्या पद्धतीचा खड्डा केला होता तिला इंदूर पद्धत म्हणतात आणि ती हॉवर्ड यांनी सिद्ध केली. आणखी काही पाने उलटल्यावर मी चपापले. खड्ड्यातील थर चुकूनही तुडवू नयेत, दाबू नयेत, त्यात हवा खेळती राहिली पाहिजे, असे तेथे स्पष्ट सांगितले होते. शास्त्र आबांच्या बाजूला होते! मग या शास्त्रज्ञाने हे शिकले तरी कोठे, असे कुतूहल मला वाटले आणि मी त्यांचे चरित्र शोधू लागले.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल येथे झाला. त्यांचे वडील शेतकरी होते. अल्बर्ट शिकण्यात हुशार निघाले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिज विद्यापीठात त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले आणि ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडिज बेटांवर सरकारी शेतीखात्यात बुरशीतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. उसावर आणि कोकोच्या झाडांवर पडणाऱ्या रोगांचा अभ्यास करणे हे त्यांचे काम होते. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बुरशी पाहायची आणि शेतकऱ्यांना उपाय सांगायचे. परंतु या तरुण शास्त्रज्ञाच्या मनाला एक गोष्ट टोचू लागली. आपण लोकांना जो उपाय सांगतो, तो स्वतः करून पाहायला आपल्यापाशी वीतभर जमीनही नाही! शेतकऱ्याच्या मुलालाच असे टोचू शकते. रोगाचा अभ्यास एकीकडे आणि पीक दुसरीकडे, ही ताटातूट त्यांना मान्य झाली नाही. पुढे आयुष्यभर ते याच ताटातुटीशी झगडत राहिले.

१९०३ ते १९०५ ही वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील वाय येथील शेतकी महाविद्यालयात काढली. १९०५ साली भारत सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ते बिहारमधील पुसा येथील नव्या शेतकी संशोधन संस्थेत आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. झाडाची पाने सूर्यप्रकाशात अन्न कसे तयार करतात, यावर त्यांनी मोलाचे संशोधन केले होते. भारतात आल्यावर या दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित वाणांवर काम केले. पुसा ४ आणि पुसा १२ हे गहू दूरदूरच्या शेतांत पोहोचले. १९०९ साली भारतातील गव्हाविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर दोघांचीही नावे आहेत.

पण हॉवर्ड यांच्या आयुष्याला वळण लागले ते गव्हामुळे नव्हे. पुशाला आल्यावर त्यांनी संस्थेच्या कुंपणाबाहेर नजर टाकली. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी निरक्षर होते. त्यांच्याकडे फवारणीची यंत्रे नव्हती, औषधे नव्हती, विकतची खते नव्हती. तरीही त्यांची पिके किडीपासून बरीचशी मुक्त होती. एखादा साहेब असता तर त्याने हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. हॉवर्ड यांनी तसे केले नाही. त्यांनी मनाशी निश्चय केला की, आधी या लोकांची शेती पाहायची आणि त्यांच्याकडून शिकायचे. त्यांनी स्वतःसाठी ७५ एकर जमीन मागून घेतली आणि शेजारच्या शेतकऱ्यांप्रमाणे ती कसायला सुरुवात केली. केंब्रिजचा पदवीधर, सरकारी अधिकारी, राज्यकर्त्यांच्या जातीचा मनुष्य, आणि तो रयतेच्या बांधावर विद्यार्थी म्हणून उभा राहिला! आपले खरे प्राध्यापक दोनच, एक शेतकरी आणि दुसरी कीड, असे ते पुढे मानीत. कीड पडली की तिच्यावर औषध मारण्याऐवजी ती का पडली, जमिनीत किंवा मशागतीत काय चुकले, हे ते तिलाच विचारीत असत, असे म्हणायला हरकत नाही. पाच वर्षांत, म्हणजे १९१० च्या सुमारास, औषधे आणि कृत्रिम खते यांच्याशिवाय निरोगी पीक काढण्याची विद्या आपल्याला साधली, असा विश्वास त्यांना आला.

या शाळेत त्यांना काय काय शिकायला मिळाले, याचे एकच उदाहरण देते. आपल्याकडे ज्वारीत तूर पेरतात. उत्तरेकडेही धान्याबरोबर हरभरा, तूर अशी कडधान्ये मिसळून पेरण्याची चाल जुनी आहे. पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्या माणसाला हे शेत गबाळे दिसते. एका शेतात एक पीक, सरळ ओळी, हे त्याला नीटनेटके वाटते. परंतु कडधान्यांच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र जमिनीत साठवतात, हे जर्मनीत हेल्रीगेल या शास्त्रज्ञाने १८८६ साली सांगितले. म्हणजे विज्ञानाला कारण सापडले तेव्हा आपल्या शेतकऱ्याच्या हाताला ती कृती कित्येक शतके सवयीची झालेली होती. त्याला नत्र हा शब्द माहीत नव्हता, पण तुरीच्या रानात पुढचे पीक चांगले येते हे माहीत होते. शब्द नसला म्हणजे ज्ञान नसते, असे आपण सुशिक्षित लोक समजतो. हॉवर्ड तसे समजले नाहीत, हेच त्यांचे वेगळेपण.

बैलांची गोष्टही अशीच आहे. पुशाला शेतकामासाठी त्यांना बैलांच्या सहा जोड्या मिळाल्या. त्यांचा गोठा, चारा, निगा सर्व त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली ठेवले. सकस जमिनीत उगवलेला चाराच त्यांना घातला. शेजारच्या गुरांमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली. मध्ये फक्त एक ठेंगणे कुंपण होते आणि त्यावरून त्यांचे बैल आजारी जनावरांच्या नाकाला नाक लावीत असलेले हॉवर्ड यांनी पाहिले. तरी त्यांच्या बैलांना रोग झाला नाही. निरोगी माती, निरोगी पीक, निरोगी जनावर आणि निरोगी माणूस ही एकच साखळी आहे, हे मत त्यांच्या मनात या अनुभवाने दृढ झाले. अर्थात यावरून लस टोचू नये असा अर्थ कुणी काढू नये. एका गोठ्यातील अनुभव म्हणजे सिद्धान्त नव्हे आणि या बाबतीतील त्यांचे सर्व म्हणणे पुढच्या शास्त्रज्ञांनी स्वीकारलेले नाही. आमच्या घरीही गुरांना दर वर्षी लस टोचतात. पण रोग आल्यावर धावाधाव करण्याआधी आरोग्य म्हणजे काय याचा विचार करावा, ही त्यांची शिकवण आजही खोटी ठरलेली नाही.

१९१० ते १९१८ या काळात उन्हाळ्यात ते क्वेट्टा येथे फळबागांवर प्रयोग करीत. तेथील डोंगराळ टोळ्यांचे द्राक्षमळेही त्यांनी एखाद्या विद्यार्थ्यासारखेच निरखले. मात्र पुसा येथील संस्थेत त्यांचा जीव रमेना. तेथे वनस्पतीचा विभाग वेगळा, रसायनाचा वेगळा, किडीचा वेगळा, बुरशीचा वेगळा. पीक मात्र शेतात एकच असते! आमच्या गावातल्या आंधळ्यांना हत्ती दाखवण्याची गोष्ट सर्वांनाच माहीत आहे. येथे डोळस माणसांनी हत्तीचे तुकडे वाटून घेतले होते. अखेर हॉवर्ड दांपत्याने स्वतंत्र संस्था काढण्याचे मनावर घेतले. कापसाच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या मध्यवर्ती समितीने पैसा दिला, मध्य भारतातील संस्थानिकांनी वर्गणी दिली आणि होळकरांच्या इंदूर दरबाराने जमीन दिली. १९२४ साली इंदूर येथे ही संस्था सुरू झाली. माळव्याची ती काळी, कपाशीची जमीन आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या जमिनीची सख्खी बहीणच आहे. इंदूरला त्यांनी मजुरांचीही काळजी वाहिली. कामाचे तास कमी, वेतन वेळेवर आणि राहायला बरी घरे, अशी व्यवस्था केली. मातीला नीट खाऊ घालायचे आणि तिच्यात राबणाऱ्या माणसाला उपाशी ठेवायचे, ही विसंगती त्यांना चालली नसती.

इंदूरला त्यांनी हाती घेतलेला मुख्य प्रश्न उकिरड्याचा. आपल्या शेतकऱ्याकडून ते खूप शिकले होते, पण त्याची चूकही त्यांना दिसत होती. आपल्याकडे पुष्कळसे शेण गोवऱ्या थापून चुलीत जाते. गुरांचे मूत गोठ्यात जिरून किंवा वाहून वाया जाते. जे शेण उकिरड्यावर पडते ते उन्हापावसात उघडे राहते, त्यातले सत्त्व उडून आणि धुपून जाते. पऱ्हाटी, तुराट्या आणि धसकटे बहुधा जळणात जातात, उरलेली बांधावर पेटवून देतात. ही गळती थांबवावी कशी? याचे उत्तर त्यांना आणखी एका जुन्या समाजाकडून मिळाले. किंग नावाचे अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ १९०९ मध्ये चीन, कोरिया आणि जपान या देशांत हिंडले होते. चार हजार वर्षे तीच जमीन कसूनही ती थकत कशी नाही, हे त्यांना पाहायचे होते. पालापाचोळा, गाळ, राख, मैला, काहीही वाया न घालवता तेथील शेतकरी ते कुजवून पुन्हा मातीला देतात, हे त्यांनी लिहून ठेवले. ग्रंथ पुरा होण्यापूर्वी १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नीने तो प्रसिद्ध केला. हा ग्रंथ हॉवर्ड यांना फार मोलाचा वाटे.

चीनच्या शेतकऱ्याची काटकसर आणि आपल्या शेतकऱ्याची गुरेढोरे यांची सांगड हॉवर्ड यांनी इंदूरला घातली. या कामात यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा उताराच्या कडांचा खड्डा घ्यायचा. शेतातला सर्व काडीकचरा वाळवून साठवायचा. पऱ्हाटीसारखी टणक काडी कुजत नाही, म्हणून ती शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवायची, म्हणजे जाता-येता गाड्यांच्या चाकांखाली तिचा आपोआप भुगा होतो. तीन-चार भाग काडीकचरा आणि एक भाग शेण असे प्रमाण ठेवायचे. गोठ्यात खाली माती अंथरायची; ती मूत शोषून घेते, तीच थोड्या राखेबरोबर थरांत मिसळायची. पाणी बेताचे, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राहील एवढेच. आणि थर तुडवायचे नाहीत, कारण कुजवण्याचे काम करणाऱ्या बुरशीला आणि जीवाणूंना हवा लागते. काही दिवसांत खड्डा आतून इतका तापतो की हात घालवत नाही. मग ठरावीक दिवसांनी तो खालीवर करायचा. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, मातीचा सुगंध येणारे खत तयार होते. यात यंत्र नाही, विकतचा माल नाही. गरिबातल्या गरीब शेतकऱ्याला परवडेल, अशीच ही रीत त्यांनी मुद्दाम ठेवली. ज्या संस्थानात ती सिद्ध झाली त्याच्या स्मरणार्थ तिला इंदूरचे नाव दिले. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड यांचा यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

येथे मला एक गोष्ट ध्यानात आली. हॉवर्ड यांनी जुने ते सोने म्हणून डोक्यावर घेतले नाही आणि जुने ते टाकाऊ म्हणून फेकलेही नाही. ते आधी शिकले, मग त्यांनी मोजले, तपासले, दुरुस्त केले आणि ज्याचे त्याला परत दिले. आपल्याकडे बहुधा दोनच तऱ्हा दिसतात. काही जण आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे व्यासपीठावरून सांगतात, पण उकिरड्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावतात. दुसरे काही जण खेड्यातल्या माणसाला फक्त शिकवायला जातात, जसे आम्ही शिबिराला गेलो होतो. शिकायला जाणारे थोडे.

हॉवर्ड यांच्या सुखाला मात्र दृष्ट लागली. १९३० साली गॅब्रिएल यांचे जिनिव्हा येथे निधन झाले. पंचवीस वर्षांची सहकारी गेली. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पण ते स्वस्थ बसले नाहीत. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नत्र तयार करणारे कारखाने युद्ध संपल्यावर खताकडे वळले होते आणि पोत्यातल्या खतावर शेती चालवायची, हाच शेतीसुधारणेचा मार्ग समजला जात होता. मातीला फक्त तीन रसायने लागतात असे नसून ती जिवंत आहे, हे हॉवर्ड पुनःपुन्हा सांगत राहिले. १९४० मध्ये त्यांचा ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टमेंट हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात तिच्या मूळ ग्रंथांत त्याची गणना होते. त्यांच्या हयातीतच भारतातील व श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत, केनियातील कॉफीच्या मळ्यांत त्यांची पद्धत पोहोचली. महात्मा गांधी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले असता ही संस्था आणि तेथील खताचे खड्डे पाहून आले आणि हरिजनमधून त्यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे लंडनमध्ये निधन झाले. दोनच महिन्यांपूर्वी, ज्या देशाच्या शेतकऱ्यांना त्यांनी गुरू मानले, तो देश स्वतंत्र झाला होता. इंदूरच्या त्या जागेवर पुढे शेतकी महाविद्यालय उभे राहिले.

आता कुणी विचारील, मग आपण पुन्हा जुन्या काळात जायचे काय? मी तरी जाणार नाही. माझ्या आजीचे लग्न बाराव्या वर्षी झाले. तिला सही करता येत नाही. जुन्या गावाने तिला पेरणीचे नक्षत्र शिकवले, पण अक्षर शिकवले नाही. त्याच गावाने काही माणसांना वेशीबाहेर ठेवले. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते नव्या काळाचे ऋण आहे. शिवाय आमचे आबा युरियाला शिव्या देत नाहीत, हेही सांगायला हवे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पोरवयात खडी फोडली आहे. नंतर संकरित बियाणे आणि पोत्यातले खत आले, तेव्हा कणग्या भरल्या, हे ते विसरलेले नाहीत. मात्र आता पोती वाढली तरी उतारा वाढत नाही, जमीन दगडासारखी झाली आणि खताच्या उधारीचा आकडा तेवढा वाढला, हेही तेच सांगतात. नवे आले म्हणून जुन्यातले सगळेच विसरायला हवे होते काय, एवढाच प्रश्न आहे. गावाकडून काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे ठरवण्यासाठी आधी गाव नीट पाहिले पाहिजे. हॉवर्ड यांनी पाच वर्षे नुसते पाहिले. आपण पाच दिवसही पाहत नाही.

या चरित्रात आणखी एक गोष्ट मला सलते. पद्धतीला इंदूरचे नाव मिळाले, हॉवर्ड यांना सर ही पदवी मिळाली. परंतु पुशाच्या ज्या शेतकऱ्यांनी त्यांना शिकवले, त्यांची नावे इतिहासात नाहीत. गॅब्रिएल यांचे नावही आज थोड्यांनाच ठाऊक असते. हे वाचताना मला माझी आई दिसते. पहाटे गोठा झाडणारी, शेणाची पाटी डोक्यावर वाहणारी, राख वेगळी ठेवणारी तीच. तिचे काम हॉवर्ड यांच्या ग्रंथात शास्त्र म्हणून आले आहे. कॉलेजच्या अर्जात आईचा व्यवसाय या रकान्यात मी मात्र काही नाही असे लिहिले होते.

परीक्षा संपल्यावर मी घरी गेले आणि आबांना हॉवर्डसाहेबांची सर्व हकीकत सांगितली. पऱ्हाटी गाडीखाली घालण्याची युक्ती ऐकून त्यांनी मान हलवली. बैलांच्या नाकाला नाक लावण्याची गोष्ट मात्र त्यांना फारशी पटली नाही. शिबिरातला तो खड्डा आम्ही दोघांनी उकरून पाहिला. आतला कचरा काळा, चिकट झाला होता आणि त्याला घाण येत होती. आबांनी मला तो उपसायला लावला, कोरडा काडीकचरा मिसळून हलक्या हाताने पुन्हा भरायला लावला. चौथ्या दिवशी त्यांनी काठी माझ्या हातात दिली. मी ती खोल खुपसली, थोडी थांबले आणि टोकाला हात लावला. टोक गरम होते.

शिबिराच्या दिवशी मी तुमच्यामध्ये गप्प का उभी होते, हे आबांनी मला आजवर विचारलेले नाही. ते विचारणारही नाहीत. म्हणून या वार्षिकात छापून यावे या हेतूने येथे लिहिते : काठी घेऊन आलेले ते म्हातारे गृहस्थ माझे आजोबा होते. पुढच्या शिबिरात खड्डा करायचा झाला, तर तो कोणाला विचारून करावा, हे आता आपणा सर्वांना माहीत झाले आहे.